तिसऱ्या वर्षाचा फोटो

थायलंडातल्या यासोथोनच्या बसस्टँडसमोर, केळी तळणाऱ्या बाईच्या गाडीच्या वर, सायमाय जवळजवळ दोन वर्षं हसत उभी होती. दुमजली घराएवढी. अंगात बिनपट्ट्यांचा नारिंगी टॉप, दोन्ही हात कमरेवर, हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवलेली, मागे देवळाचं कमळतळं. खाली क्लिनिकचं नाव आणि ‘एक वर्षानंतर’ एवढंच. उन्हानं टॉपचा रंग उडत चालला होता, एका कोपऱ्यात कावळ्यांनी आपलं काम करून ठेवलं होतं, पण हसू शाबूत होतं.

त्या फलकाखालून खरी सायमाय पाच महिन्यांच्या मुलीला पोटाशी बांधून रस्ता ओलांडत होती, आणि डावा हात तिला खांद्याच्या वर उचलता येत नव्हता.

मुलीचं नाव सोमओ. सोमओ म्हणजे पपनस. जन्मली तेव्हा डोकं अगदी तसंच होतं, जरा हिरवटसुद्धा होतं, असं आजी शेजारपाजारी सांगत सुटली होती. सोमओला उजवीकडचं दूध आवडे. डावीकडे नेलं की ती तोंड लावी, दोनदा ओढून बघे, मग मान मागे टाकून आईकडे असं बघे, की आपल्याला दगड चाटायला का दिलाय. तिचं काही चुकत नव्हतं. डावी बाजू दगडच झाली होती. वर सरकून गळ्याच्या हाडाखाली चढून बसलेली, गोल, ताठ, हाताला गार. त्या कुशीवर झोपणं सायमायनं सोडलं त्याला आठ महिने होत आले होते.

हे सगळं तिला हवं होतं, म्हणून तिनं केलं होतं. नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. वीरा रयोंगच्या कारखान्यात, चार महिन्यांतून एकदा घरी येणारा माणूस, तो उलट म्हणाला होता की आहे ते काय वाईट आहे. पण शाळेच्या नाचात सगळ्या मुलींचे टॉप जागच्या जागी राहायचे आणि सायमायचा मात्र आई चार पिना लावून टिकवायची, तेव्हापासून तिच्या मनात ते होतं. त्याची तिला लाज नव्हती. पुढे जे झालं त्यानंतरही ती लाज तिनं स्वतःला वाटू दिली नाही.

तिचा धंदा मुरवलेल्या मासळीचा. आई, बुनलाय, मागच्या अंगणात रांजणांत मासे, मीठ आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालून वर्ष-वर्ष मुरवायची. आणि सायमाय रोज दुपारी ओठांना लाली लावून, फोन समोर टेकवून, ती मासळी लाइव्हवर विकायची. एवढी नटलेली पोरगी कोपरापर्यंत हात रांजणात घालते आणि वास घेऊन डोळे मिटते, हे बघायला हजारो लोक जमत. काही मासळीसाठी, काही वेगळ्याच गोष्टीसाठी. त्यांना ती म्हणायची, भाऊ, बघून झालं असेल तर दोन बाटल्या घ्या.

ते बघूनच क्लिनिकनं तिला गाठलं होतं. आमची रिव्ह्यूची मुलगी बन, म्हणाले. छाती भरायचं ऑपरेशन आम्ही फुकट करतो, तू फोटो टाकायचे. चार पानी करार होता. ऑपरेशनच्या आधी एक फोटो, मग महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि शेवटचा तीन वर्षांनी, ऑपरेशनच्याच तारखेला. तेच कपडे, तीच जागा, तीच पोझ. फोटोखाली क्लिनिकनं ठरवून दिलेले प्रश्न, आणि त्यांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत, खरी. फोटोला कुठलंही सुंदर करणारं ॲप लावायचं नाही. हे कलम मागच्या एका मुलीमुळे आलं होतं. तिनं ॲपनं कंबर इतकी बारीक केली, की मागचे देवळाचे खांब कंबरेबरोबर आत वाकले आणि जिल्हाभर हसू झालं. त्या मुलीनं मग घाबरून फोटोच काढून टाकला होता, म्हणून आणखी एक कलम: टाकलेला रिव्ह्यू पाच वर्षं काढायचा नाही.

पहिले चार फोटो सायमायनं तारखेला टाकले, आणि ते खरेच छान होते.

घट्टपणा सुरू झाला तो सोमओ पोटात असताना, सहाव्या महिन्यात. तिनं क्लिनिकला मेसेज केला. उत्तर आलं, घाबरू नकोस, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं दाबून चोळ, मऊ होईल. ती चोळत राहिली. ते वर सरकत राहिलं.

मग बाळंतपण झालं, आणि आईनं तिला शेकायला घातलं. बांबूच्या खाटेखाली निखारे, पांघरूण, प्यायला गरम पाणी आणि पुरचुंड्यांचा शेक; अकरा दिवस. बुनलायला तिच्या आईनं असंच शेकलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईनं. आंबेहळद, लिंबाची पानं, कापूर कापडात बांधून वाफेवर तापवायचं आणि अंगभर दाबत जायचं. डाव्या बाजूशी आल्यावर बुनलाय थांबली. एवढं कडक काही तिनं बाईच्या अंगाला कधी पाहिलं नव्हतं. दूध गोठलंय, ती म्हणाली, आणि पुरचुंडी तिथे टेकवून धरली.

“भाजतंय का गं?”

“नाही.”

“आता?”

“काहीच कळत नाही, आई.”

“मग अजून तापवून आणते.”

कळत नव्हतं, कारण ऑपरेशननंतर त्या जागची कातडी बधिर राहिली होती. दोघींनाही हे सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी कापड बाजूला केलं तेव्हा तळहाताएवढा फोड आलेला. बुनलाय तो फोड बघत तशीच बसून राहिली, हातातली पुरचुंडी गार होईपर्यंत. नंतर तिनं त्या पुरचुंड्या न्हाणीमागे नेऊन पुरल्या. घरात त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

तर आज सायमाय क्लिनिकमध्ये चालली होती. फोडाचा तपकिरी डाग राहिला होता, आणि आत दुखणं आता बगलेपर्यंत पोचलं होतं.

तिथल्या डॉक्टरनं तिला मिनिटभरही पाहिलं नाही. डाग बघितला आणि बाहेर जाऊन पी सिरिनशी बोलला. पी सिरिन म्हणजे क्लिनिकची कर्तीधर्ती. वयानं मोठी, म्हणून सगळ्या मुली तिला ‘पी’ म्हणायच्या आणि ती सगळ्यांना ‘नोंग’ म्हणजे धाकटी. अंगाला फुलांचा वास, बोलणं साखरेच्या पाकातलं. तिनं सोमओचे गाल ओढले, बाळ आईवर गेलंय म्हणाली, आणि मग एक कागद पुढे सरकवला.

“तू घरचीच आहेस, नोंग. म्हणून सांगते. दोन्ही नवीन बसवून देऊ, आमच्याकडून. इथे फक्त सही कर.”

सायमायनं कागद वाचला. ती मासळीच्या बाटलीवरची लेबलंसुद्धा तीनदा वाचणारी बाई. कागदात दोन गोष्टी होत्या. एक, घट्टपणा आणि इजा ही घरी केलेल्या गरम शेकामुळे झाली आहे, असं ती मान्य करते. दुसरी, तिसऱ्या वर्षाचा फोटो ती टाकणार नाही. त्याऐवजी क्लिनिक पहिल्या वर्षाचाच फोटो पुन्हा वापरेल.

तिनं विचारलं, की नवीन बसवल्यावर पुन्हा असं झालं तर? पी सिरिन म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू. तिनं विचारलं, की नवीन नकोच असतील, नुसते काढून हवे असतील तर? पी सिरिन हसली. काढून टाकल्यावर तू कशी दिसशील ते तुला माहीत आहे का, म्हणाली. मग आवाज खाली आणला.

“आणि बाहेर काही बोलू नकोस, बरं का. आपल्याकडे खरं बोललं तरी अब्रूचा दावा लागतो. तुझं बाळ लहान आहे.”

सायमायनं कागदाची घडी घातली आणि लंगोटांच्या पिशवीत टाकली. घरी विचारून सांगते म्हणाली. हात जोडले, आणि उठली. डावा हात जोडताना उजव्यापेक्षा खाली राहिला, ते पी सिरिननं बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

घरी बुनलाय रांजण ढवळत होती. कागद ऐकून घेतल्यावर ती लगेच म्हणाली, कर सही. सायमायला राग आला. तिला वाटलं होतं आई भडकेल, चार शिव्या हासडेल. तिच्या शिव्या ऐकायला तर लाइव्हवरची माणसं थांबायची. पण बुनलाय नुसतीच ढवळत राहिली. मग म्हणाली, ते फुकट नीट करून देतायत, तू हट्ट कशाला करतेस, आणि कागदात लिहिलंय ते काय खोटं आहे?

“म्हणजे?”

“मीच भाजलं ना तुला.” बुनलायनं काठी रांजणात तशीच सोडली. “तू म्हणालीस कळत नाही, आणि मी आणखी तापवून आणलं. दुसऱ्याच्या नावानं कशाला बोंबलायचं? सही कर नि मोकळी हो. मीही मोकळी होईन.”

तेव्हा कुठे सायमायच्या लक्षात आलं, की पाच महिने आईनं सोमओला न्हाऊ घालताना पाणी चार-चारदा कोपरानं का तपासलं. आणि नातीला पावडर लावणारी आई आपल्या अंगाला हात लावायची वेळ आली की काहीतरी काम काढून बाहेर का जाते. तो कागद डॉक्टरसाठी नव्हताच. तो या बाईच्या माथी मारायला लिहिला होता, आणि ती तो मुकाट्यानं घ्यायला तयार होती.

“सही नाही करणार मी,” ती म्हणाली. “आणि उद्या तू माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात येणार आहेस.”

“मी कशाला? मी काय करू तिथं?”

“सोमओला धरायला.”

सरकारी दवाखान्यात सकाळी सहापासून बसल्यावर अकराला नंबर लागला. डॉक्टर वारुनी चाळिशीची, पायात रबरी चपला, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. तिनं दोन्ही बाजू हातानं तपासल्या, मग यंत्रानं, बराच वेळ, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. आत काही उपरं गेलं की शरीर त्याच्याभोवती पापुद्रा करतं, तिनं सांगितलं, सगळ्यांचंच करतं. काहींच्यात तो जाड होत जातो, आवळत जातो. डावी पिशवी त्या आवळण्यात फाटली आहे. आतलं सिलिकॉन त्या कवचात उतरलंय. उजवीकडेही सुरुवात आहे.

सायमायनं विचारलं, “हे शेकानं झालं का?”

“कधी सुरू झालं घट्ट व्हायला?”

सायमायनं फोन काढून मेसेज दाखवला. त्यावर तारीख होती. बाळंतपणाच्या तीन महिने आधीची.

“मग शेक कधी दिला?”

“बाळंतपणानंतर.”

“मग कसं होईल शेकानं?” डॉक्टर डागावरून बोट फिरवत म्हणाली. “हे वरचं आहे. कातडी भाजली, भरून आली. भाजायला नको होतं ते वेगळं, बधिर जागेवर गरम काही ठेवू नये. पण आतलं हे त्याच्या आधीपासून चाललंय.”

“हे आईला सांगाल का? मला नको. तिला सांगा.”

बुनलाय दाराशी नातीला घेऊन उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत, एखाद्या गुन्हेगारासारखी. डॉक्टर खुर्चीतून उठली, तिच्याजवळ गेली आणि तेच सगळं पुन्हा बोलली, सावकाश, त्यांच्या गावच्या बोलीत. बुनलायनं ऐकून घेतलं. मग विचारलं, की नक्की का? डॉक्टर म्हणाली, आजी, मी पडदा बघून सांगतेय, तुमचं तोंड बघून नाही. बुनलायनं मान डोलावली आणि सोमओच्या टाळूवर नाक टेकवून कितीतरी वेळ तशीच राहिली. सोमओला वाटलं खेळ आहे. ती हसायला लागली.

मग पुढचं बोलणं. दोन्ही काढायचे, कवचासकट. डॉक्टरनं काही लपवलं नाही: पूर्वीसारखं दिसणार नाही, कातडी सैल पडेल, डावीकडे खड्डा राहील, व्रण लांब असेल. सायमाय म्हणाली, दगड बाळगण्यापेक्षा खड्डा बरा. आणि नवीन काही? नको. वीराला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मी रजा टाकतो, सोमओला बाटलीची सवय लावायला लागेल ना आधी.

सवय काही लागली नाही. ऑपरेशनचे दोन दिवस सोमओनं बाटलीवर आणि बापावर सारखाच राग काढला. तिसऱ्या दिवशी नर्सनं एका प्लास्टिकच्या डबीत त्या दोन पिशव्या दाखवल्या. उजवी पाण्यासारखी नितळ. डावी पिवळट, चिकट, एका बाजूनं उघडलेली. बुनलायनं डबी उजेडात धरून बघितली आणि नाक मुरडलं.

“मुरायला मीठ कमी पडलं,” ती म्हणाली.

सायमायला टाके होते. हसताना ते इतके दुखले, की डोळ्यांत पाणी आलं, पण सहा महिन्यांत आईचा पहिला विनोद होता, आणि तो तिनं पुरा हसून घेतला.

तिसऱ्या वर्षाच्या फोटोची तारीख जवळ आली तेव्हा व्रण गुलाबी झाले होते. सायमायनं ट्रंकेतून करार काढला आणि चारही पानं पुन्हा वाचली, बोट ठेवून, एकेक ओळ. पी सिरिनच्या त्या दुसऱ्या कागदावर तिनं सही केली नव्हती. म्हणजे हाच खरा. आणि यात लिहिलं होतं: तिसऱ्या वर्षी, त्याच तारखेला, तेच कपडे, तीच जागा, तीच पोझ. ॲप नाही. उत्तरं खरी. न टाकल्यास करारभंग.

“मी करार मोडणाऱ्यांतली नाही,” ती आईला म्हणाली. “चल, फोटो काढायला.”

कमळतळ्यावर सकाळचं ऊन होतं. नारिंगी टॉप तिनं घरूनच घालून वर शर्ट चढवला होता. शर्ट काढला तर टॉप सरळ घसरला. आता तिथे त्याला धरायला काही नव्हतं. बुनलायनं सोमओला चटईवर ठेवलं, लंगोटाच्या दोन पिना काढल्या आणि टॉप पाठीमागून आवळून लावल्या. लावता लावता तिचा हात डाव्या बाजूच्या डागावर आला. तिनं तो काढून घेतला नाही. तळवा तिथे टेकवला, तसाच ठेवला.

“कळतंय का?”

“थोडं,” सायमाय म्हणाली. “तुझा हात गार आहे.”

दोन्ही हात कमरेवर. हनुवटी डाव्या खांद्याकडे. आता हातही वर जात होता, म्हणून तिनं आधी केस नीट सारखे केले, मुद्दाम, डाव्या हातानं. टॉपचा पुढचा भाग रिकाम्या पिशवीसारखा पडला होता, डावीकडे खळगा, खालून व्रणाची कड दिसत होती. हसायचं का, आईनं विचारलं. पोझ तीच पाहिजे, सायमाय म्हणाली, आणि हसली. मागचे देवळाचे खांब सरळ उभे होते.

प्रश्न क्लिनिकचेच होते. तिनं खाली एकेक लिहिलं.

कुठे केलं? क्लिनिकचं नाव, तसंच, पूर्वीसारखं.

किती दिवस दुखलं? पहिल्यांदा बारा दिवस. नंतर नऊ महिने.

आता कसं दिसतं? फोटोत आहे तसं.

आता कसं वाटतं? दोन्ही सरकारी दवाखान्यात काढले, डावी पिशवी आत फाटली होती. आता मी डाव्या कुशीवर झोपते. माझी मुलगी तिथे डोकं ठेवते.

इतरांना काय सांगाल? हवं असेल तर करा, मलाही हवं होतं. पण करायच्या आधी विचारून घ्या, की बिघडलं तर काढून कोण देणार, आणि उत्तर कागदावर घ्या.

एवढंच. एक शिवी नाही, एक आरोप नाही. मग तिनं बोट दाबलं आणि सोमओला पाजायला बसली.

दुपारपर्यंत फोन तापून गरम झाला. कुणी थट्टा केली, कुणी विचारलं आता मासळी कशी विकणार. त्याला तिनं उत्तर दिलं, की रांजणात हात जातो भाऊ, छाती नाही. पण बाकीच्या बायका होत्या. वेगवेगळ्या गावांच्या, बऱ्याचशा नाव लपवून. माझंही डावं. माझंही उजवं. मला वाटलं माझीच चूक आहे. मला म्हणाले, आणखी चोळ. एकीनं लिहिलं, की तिची तिथली तारीख पुढच्याच आठवड्यातली आहे, आणि ती आज विचारायला जाते आहे.

तीनला पी सिरिनचा फोन आला. आवाजात आता पाक नव्हता. तो फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाक.

“नाही काढता येत, पी,” सायमाय म्हणाली. सोमओला झोप लागत होती, म्हणून ती हळूच बोलत होती. “तिसरं पान, खालून दुसरं कलम. टाकलेला रिव्ह्यू पाच वर्षं काढायचा नाही.”

तिनं सोमओला डाव्या खांद्यावर घेतलं.

“मी सही केलीय त्यावर. शेजारी तुमचीही आहे.”

दाव्याची नोटीस येईल, येईल म्हणत पंधरा दिवस गेले. बुनलाय रोज पोस्टमनची वाट बघे, हातात मासळी ढवळायची काठी घेऊन. नोटीस आली नाही. पुढेमागे येईलही. आली तर चार पानं, मेसेज आणि डॉक्टर वारुनीचा कागद एका पिशवीत तयार होता.

त्याऐवजी एका सकाळी केळीवाल्या बाईचा निरोप आला, की बसस्टँडवरच्या तुला खाली उतरवतायत. सायमाय मोटारसायकल काढून गेली. दोन माणसं शिडीवर चढून दोऱ्या कापत होती. फलक फुटपाथवर पडला, तिचं हसू धुळीत. हे कुठे टाकणार, तिनं विचारलं. कचऱ्यात, ते म्हणाले. मग एकानं तिच्याकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, आणि न बोलता गुंडाळी करून तिच्या गाडीला बांधून दिली.

इतकं जाड, न फाटणारं कापड कोण टाकून देतं? मागच्या अंगणात रांजणांवर घालायला चांगलं आच्छादन हवंच होतं. दोघींनी ते अंगणात पसरलं. बुनलायनं विचारलं, चित्र आतल्या बाजूला करू का?

“वर राहू दे,” सायमाय म्हणाली. “चांगला फोटो आहे. तो पण खराच होता.”

सोमओ नुकतीच रांगायला लागली होती. ती फलकाच्या कडेवरून आत शिरली, कमळतळं पार केलं आणि त्या प्रचंड नारिंगी छातीच्या मधोमध जाऊन बसली. खाली वाकून तिनं तोंड लावून पाहिलं. मग दोन्ही हातांनी थापट्या मारून पाहिल्या. काही मिळेना, तेव्हा तोंड वेडंवाकडं करून वळली आणि फलकावरून तरातरा रांगत आईकडे निघाली.